डेस्कटॉप प्रणालींतील सूचना-व्यवस्था आणि आभासी डेस्कटॉप : अध्यापनाच्या दृष्टीने तुलना

प्रस्तावना

प्रोजेक्टरला जोडलेला प्राध्यापकांचा संगणक एकाच वेळी अध्यापनाचे साधन, टपालपेटी आणि गुणपत्रकांचे कपाट असतो. व्याख्यान चालू असताना एखाद्या विद्यार्थ्याच्या तक्रारीचा ई-मेल किंवा बँकेचा ओटीपी भिंतीवर सर्वांसमोर झळकला, तर तो केवळ व्यत्यय राहत नाही. त्यात विश्वासाचा भंग होतो. विंडोज, मॅकओएस व लिनक्स या प्रणाली हा प्रश्न कसा हाताळतात, याचा प्रस्तुत लेखात तुलनात्मक परामर्श घेतला आहे.

आभासी डेस्कटॉप

एकाच पडद्यावर कामानुसार स्वतंत्र 'खोल्या' असाव्यात, ही कल्पना झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील हेंडरसन व कार्ड यांनी १९८६ मध्ये 'रूम्स' या प्रणालीद्वारे मांडली. लिनक्सवरील केडीई या डेस्कटॉपमध्ये ही सोय १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. मॅकमध्ये ती २००७ साली 'स्पेसेस' या नावाने आली. विंडोजमध्ये मात्र ती मूळ प्रणालीचा भाग होण्यास २०१५ साल, म्हणजे विंडोज १०, उजाडावे लागले.

या विलंबाचा आपल्याकडील सवयींशी संबंध आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ पासून सांगली-साताऱ्यासह राज्यभर पोहोचला. त्याचा भर विंडोज व ऑफिस यांवर होता आणि तत्कालीन विंडोज एकच डेस्कटॉप दाखवीत असे. त्यामुळे सर्व खिडक्या एकाच पटलावर उघड्या ठेवण्याची रीत रुजली असल्यास नवल नाही.

आज विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल व डी या कळा एकत्र दाबल्यास नवा डेस्कटॉप उघडतो. नोम या लिनक्स डेस्कटॉपमध्ये २०११ पासून शेवटचे पटल वापरात येताच पुढचे रिकामे पटल आपोआप तयार होते. केडीईमध्ये पटलांची संख्या वापरकर्ता ठरवतो. मॅकमध्ये पूर्ण पडदा व्यापणाऱ्या कार्यक्रमाला स्वतंत्र पटल मिळते.

सूचनांची व्यवस्था

विंडोज एक्सपीच्या काळात घड्याळाजवळ पिवळसर फुगा येई आणि काही वेळाने नाहीसा होई. विंडोज १० ने सूचना एका कप्प्यात साठवण्यास आरंभ केला. मॅकमध्ये असे सूचना-केंद्र २०१२ साली आले. तत्पूर्वी 'ग्राऊल' या बाहेरच्या कार्यक्रमाचा आधार घेतला जाई. नोममध्ये २०१५ पासून सूचना वरच्या घड्याळाखाली दिनदर्शिकेसह दिसतात. सूचना तात्पुरत्या थांबविण्याची सोय आता सर्वत्र आहे : विंडोज ११ मध्ये 'डू नॉट डिस्टर्ब', मॅकमध्ये २०२१ पासून 'फोकस', केडीईमध्ये २०१९ पासून आणि नोममध्ये २०२० पासून. या काळात सूचना नष्ट होत नाहीत. त्या यादीत जमा होतात.

दोन व्यवस्थांमधील दरी

येथे एक गैरसमज संभवतो. व्याख्यानाच्या स्लाइड एका डेस्कटॉपवर व ई-मेल दुसऱ्यावर ठेवला, म्हणजे ई-मेलची सूचना दुसरीकडेच राहील, असे वाटते. प्रत्यक्षात आभासी डेस्कटॉप खिडक्यांची विभागणी करतो, सूचनांची नव्हे. वापरकर्ता ज्या डेस्कटॉपवर असेल, तेथेच सूचना प्रकट होते.

प्रोजेक्टरच्या बाबतीत प्रणालींमध्ये भेद आहे. तोच पडदा भिंतीवर जसाच्या तसा दिसत असताना विंडोज ११ मध्ये सूचना आपोआप थांबविण्याचा नियम सेटिंग्जमध्ये निवडता येतो. अशा वेळी सूचना दाखवाव्यात की नाही, हे मॅकमध्येही ठरविता येते. केडीईमध्ये पडदा प्रतिबिंबित होताच सूचना थांबविण्याची सोय २०१९ पासून आहे. नोममध्ये 'डू नॉट डिस्टर्ब'चे बटण स्वतः दाबणे इष्ट. विंडोजचा उपरोक्त नियम पडदा 'एक्स्टेंड' केल्यास लागू होत नाही. मात्र तेव्हा सूचना मुख्य पडद्यावर येते. म्हणून लॅपटॉपचाच पडदा मुख्य ठेवणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

तिन्ही प्रणालींत साधने उपलब्ध आहेत; उणीव आहे ती त्यांची सांगड घालण्याची. वर्गात जाण्यापूर्वी व्याख्यानासाठी वेगळा डेस्कटॉप उघडणे, सूचना थांबविणे आणि मोबाइलचे संदेश संगणकावर आणणारी जोडणी बंद करणे, या तीन कृतींस एक मिनिटही लागत नाही. महाविद्यालयांच्या संगणक प्रशिक्षणात टंकलेखन व सादरीकरणाइतकेच या शिस्तीलाही स्थान मिळाले, तर विद्यार्थ्यांची खाजगी माहिती भिंतीवर येण्याचे प्रसंग बव्हंशी टळतील.