मालमोटारीची बॅटरी निवडताना

काशीत अमृतराव पेशव्यांनी बांधविलेल्या राजा घाटावर पौषातले धुके दाटते, तेव्हा शहराबाहेर नाशिकचा कांदा घेऊन उभ्या असलेल्या मालमोटारीही गारठतात. डिझेल इंजिनातील वंगण घट्ट होते; बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. नेमका तेव्हाच स्टार्टरला अधिक विद्युत्प्रवाह लागतो.

मोठ्या मालमोटारीत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट मिळवितात. काटकसर म्हणून त्यांतील एकच बदलू नये. जुनी लवकर भरून तापते, नवी अर्धपोटी राहते. शेवटी दोन्ही निकामी होतात. दोन्ही एकाच बनावटीच्या, मूळच्याइतक्याच अँपिअर-तासांच्या व अलीकडच्या तारखेच्या घ्याव्यात.

थकल्या बैलाशेजारी शेतकरी तरणा गोऱ्हा जुंपीत नाही, न्याय तोच.