पाणी गढूळ झालं आणि प्रजाती पुसट झाली

एखादी प्रजाती नाहीशी झाली असं ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर शिकार येते, जंगलतोड येते, शेवटचा उरलेला प्राणी येतो. पण कुणी मासे मारले नाहीत तरी माशांची प्रजाती संपू शकते का? पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात नेमकं हेच घडलंय.

टांझानिया, युगांडा आणि केनिया या तीन देशांत पसरलेलं हे सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. पाणी परत आल्यावर तिथे सिक्लिड कुळातल्या माशांच्या ५०० च्या आसपास प्रजाती तयार झाल्या. उत्क्रांतीच्या हिशेबात हा वेग अफाट आहे.

त्यातलीच एक पुंडामिलिया न्येरेरेई. स्वाहिलीत ‘पुंडा मिलिया’ म्हणजे झेब्रा. अंगावरच्या काळ्या उभ्या पट्ट्यांना हे नाव शोभतं. ‘न्येरेरेई’ हे टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून. नराची पाठ लालभडक, कुशी पिवळ्या. त्याच्या अगदी जवळच्या नात्यातल्या पुंडामिलिया पुंडामिलियाचा नर मात्र निळसर. माद्या दोन्हींकडे फिकट, चटकन वेगळ्या ओळखू न येणाऱ्या.

गंमत म्हणजे या दोघांचा संकर झाला तर पिल्लं धडधाकट होतात, त्यांनाही पुढे पिल्लं होतात. मग दोन प्रजाती वेगळ्या राहतात कशा? मादीच्या पसंतीमुळे. अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळायचं काम तिचं, त्यामुळे नर निवडताना ती चोखंदळ असते. एकीला लाल हवा, दुसरीला निळा.

ओले सीहाउझेन आणि जाक व्हान आल्फेन यांनी हे टाकीत तपासलं. १९९८ साली त्यांनी दाखवलं, की पांढऱ्या उजेडात माद्या आपल्याच प्रजातीचा नर निवडतात. पण लाल-निळा फरक दिसणारच नाही असा नारिंगी उजेड ठेवला, की निवड कोलमडते. कुठलाही नर चालतो!

आता सरोवरात या. काठावरची झाडं तुटली, शेतांमधली माती आणि खतं, शहरांचं सांडपाणी पाण्यात आलं. शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं. गढूळ पाण्यात निळा प्रकाश आधी अडतो. लाल-पिवळा थोडा खोल जातो, पण एकूण उजेडच कमी. म्हणजे टाकीतला तो नारिंगी दिवा आपण अख्ख्या सरोवरात लावला म्हणा ना.

परिणाम बेटागणिक दिसतो. माकोबे बेटापाशी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ आहे. तिथे निळे नर उथळ पाण्यात, लाल नर जरा खोल, आणि दोन्ही प्रजाती स्पष्ट वेगळ्या. लुआन्सो बेटापाशी पाणी फार गढूळ, आणि तिथे दोन प्रजाती नाहीतच. निळसर ते लालसर अशा सगळ्या छटांची एकच सरमिसळ आहे.

व्हिक्टोरिया सरोवर म्हटलं की नाइल पर्चची गोष्ट सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यात बाहेरून आणून सोडलेला हा मोठा शिकारी मासा. १९८० च्या दशकात तो बेसुमार वाढला आणि सिक्लिडच्या शेकडो प्रजाती दिसेनाशा झाल्या. ती गोष्ट खरीच आहे. पण त्यात खलनायक दिसतो तरी. गढूळ पाण्याच्या गोष्टीत मासे पोहताहेत, पिल्लं होताहेत, जाळ्यातही येताहेत. फक्त त्यांच्यातला फरक गेलाय. आणि माशांची नुसती संख्या मोजणाऱ्याला हे नुकसान कधीच कळणार नाही.

न्येरेरेई तुमच्या शहरातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातही मिळू शकतो. घेतलात तर व्हिक्टोरियाच्या दुसऱ्या सिक्लिडसोबत एका टाकीत ठेवू नका, संकर सहज होतो. सरोवराचं पाणी उद्या निवळलं, तर उरलेल्या प्रजाती तगतील. पण एकदा मिसळलेला लाल आणि निळा पुन्हा जसाच्या तसा वेगळा काढता येत नाही.