‘तुमचं पायथन जुनं आहे!’ – डिस्ट्रोतल्या पॅकेजांमागची खटपट

(ध्वनिमुद्रणाचं शब्दांकन, थोडं आवरून घेतलेलं.)

कसालहून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येतोय, तो तसाच ठेवलाय.

कुडाळच्या एका श्रोत्याचा प्रश्न आहे. कॉलेजात शिकतो. त्याच्या लॅपटॉपवर डेबियन १२ आहे आणि त्यात पायथन ३.११.२. पायथनच्या साइटवर मात्र कितीतरी पुढची आवृत्ती. बरं, पिपने एखादी लायब्ररी घालायला गेलं तर मशीन सरळ नाही म्हणतं. तो विचारतो, ‘हे डिस्ट्रोवाले झोपलेत काय?’

नाही हो, झोपलेले नाहीत. डिस्ट्रोत एका लायब्ररीची शक्यतो एकच प्रत असते आणि सगळे प्रोग्राम तीच वापरतात. वाडीची एक विहीर असते ना, तसं. पिप किंवा एनपीएमचं गणित वेगळं: ज्याची त्याची बोअर. बोअर कितीही खोल मारा, शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. विहिरीला हात लावायचा तर सगळी वाडी गोळा होते.

आता कामाचं बघू. मूळ लेखकांनी नवी आवृत्ती काढली हे कळणं सोपं आहे. डेबियनच्या पॅकेजात ‘वॉच’ नावाची छोटी फाइल असते, ‘यूस्कॅन’ हे साधन ती वाचून नवीन काही आलंय का ते तपासतं. फेडोराकडे याच कामाला ‘अनित्य’ आहे. (होय, आपलाच शब्द.) खरी खटपट पुढे. जुने पॅच नव्या कोडवर बसत नाहीत. नव्या फाइलींचे परवाने तपासायचे. आणि डेबियनमध्ये पॅकेज बांधताना इंटरनेटवरून काही ओढायला परवानगी नाही, लागणारं सगळं आधीच डेबियनमध्ये हवं. नव्या आवृत्तीला आणखी एक लायब्ररी लागली, तर आधी तिचं पॅकेज करा. तिला दुसरी लागली, तर तिचंही.

मग येतात अवलंबून असलेली पॅकेजेस. लायब्ररीत एका फंक्शनचं नाव बदललं. दहा प्रोग्राम चालले, अकरावा मोडला. आता त्या अकराव्याच्या लेखकाला पॅच पाठवा आणि वाट बघा. भाषेचीच आवृत्ती बदलली तर विचारू नका. पायथन ३.११वरून ३.१३वर जायचं म्हणजे सी भाषेत लिहिलेलं प्रत्येक मॉड्यूल पुन्हा बांधायचं. बारा आणि तेरा या डेबियनच्या दोन आवृत्त्यांमध्ये, म्हणजे जून २०२३ ते ऑगस्ट २०२५, हेच झालं. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतं, त्यामुळे तिथे ही धावपळ आणखी वेगात.

आणि हे करतं कोण? बरेचसे स्वयंसेवक. भारतातही आहेत. रुबी आणि नोडची पुष्कळ पॅकेजेस आपल्याकडच्या मुलांनी कॉलेजातल्या कार्यशाळांमधून केलीत. पुण्यात २०११मध्ये सीओईपीत फेडोराची फुडकॉन झाली होती, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये बेळगावात मिनीडेबकॉन्फ झाली. म्हणजे इथून आंबोली चढलं की पलीकडेच. या मंडळींनी गिटलॅब डेबियनमध्ये आणायचा केवढा घाट घातला! पण गिटलॅबची दर महिन्याला नवी आवृत्ती येते आणि त्याला शेकडो रुबी-नोड पॅकेजेस लागतात. दोन वर्षं न हलणाऱ्या स्टेबलमध्ये ते टिकणार कसं? शेवटी अशांसाठी ‘फास्टट्रॅक’ नावाचं वेगळं भांडार केलं. माझ्या मते हाच प्रामाणिक मार्ग. सगळ्यांनाच स्टेबलमध्ये कोंबण्यात अर्थ नाही.

आता ३.११.२चं. हा आकडा पूर्ण वाचा. शेवटी ‘+डेब१२यू’ आणि पुढे एक आकडा दिसेल. डेबियनवाले सुरक्षेची दुरुस्ती तेवढीच उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात, त्यामुळे पुढचा आकडा तोच राहतो आणि शेपटी वाढते. म्हणून नुसता ३.११.२ बघून ‘भोकं पडलेलं आहे’ म्हणू नये. उलट, नवं ते सुरक्षित असंही नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेडमध्ये लपवलेला चोरदरवाजा सापडला तो ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत. डेबियन स्टेबलवाल्यांच्या मशीनवर तो पोचलाच नव्हता.

राहिलं पिपचं. डेबियनमधली काही साधनं, उदाहरणार्थ बग कळवायचं ‘रिपोर्टबग’, स्वतः पायथनमध्ये आहेत. सुडो लावून पिप चालवलं आणि त्यांच्या लायब्ररीच्या जागी दुसरीच आली, तर ती कोलमडतात. म्हणून बारापासून पिपला अडवलंय. तो अडसर काढणाऱ्या पर्यायाच्या नावातच ‘सिस्टिम पॅकेजेस मोडा’ असं लिहिलंय, आता आणखी काय सांगायचं! आधी एपीटीत शोधा. नमपाय, पांडाज, रिक्वेस्ट्स तिथे आहेत. नसेल किंवा ताजंच हवं असेल, तर ‘पायथन३-व्हेन्व’ घालून प्रोजेक्टपुरतं वेगळं घर करा आणि त्यात पिप वापरा.

शाळेच्या लॅबवाल्यांसाठी जाता जाता: नेट आमच्यासारखं येतं-जातं असेल, तर एका मशीनवर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ बसवा. बाकीची मशीनं त्याच्याकडून घेतील, तेच पॅकेज दहा वेळा उतरवावं लागणार नाही. विहिरीचा हाही एक फायदा.

आणि एखादं पॅकेज खरंच मागे पडलंय असं वाटलं, तर डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर त्याचं नाव टाका. नवी आवृत्ती आलीय का, कुठे अडकलीय, कुठला बग उघडा आहे, सगळं दिसतं. कधी कधी तिथे लिहिलेलं असतं की सांभाळणारा माणूस हवाय. तशी पॅकेजेस बरीच आहेत.