असं झाड नसतं?

मागच्या महिन्यात माझी लेक शाळेतून आली ती तोंड पाडूनच. दप्तर फेकलं, जेवलीही नाही. रात्री वही उघडून पाहिली. 'माझे आवडते झाड' या विषयावर आंबा-वड सोडून बाईसाहेबांनी चक्क मनातलंच झाड काढलेलं! त्या जगात म्हणे सहा महिने रात्र. सूर्य मंद, म्हणून पानं काळी, मिळेल तेवढा उजेड पिऊन घेणारी. अंधार पडायच्या आत सगळी पानं गाळायची अन् झोपून जायचं. खाली लाल शाईत शेरा : 'असे झाड नसते.' दहापैकी दोन मार्क.

खरं सांगते, आधी मीच रागावले. पण "काहून नसते, आई?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बी.ए.ला मराठी आणि समाजशास्त्र, झाडांचं मला काय कळणार!

उत्तर मिळालं बचतगटाच्या कामात. गटातल्या एका ताईंचे दीर भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे कामठीकडचा एक दगड आहे. त्यावर जिभेसारखं लांबट पान, मधोमध जाड शीर, बाजूला बारीक जाळी. लेक तर बघतच राहिली. नाव ग्लॉसोप्टेरिस, म्हणजे जीभ-नेचा. हे नाव पडलं 1828 साली, पण हा नेचा नव्हेच. हे बी धरणारं झाड होतं आणि सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी ते जगातून नाहीसं झालं. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनीही इकडच्या खडकांतले असे वनस्पतींचे ठसे गोळा केले होते. ते वारले 1863 साली, म्हणजे गोष्ट किती जुनी बघा. विदर्भातला दगडी कोळसा बराचसा याच झाडांच्या जंगलांचा. आपण चटणी वाटतो, तेव्हा मिक्सर कशावर फिरतो, कधी मनात तरी येतं का?

आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका तेव्हा आपल्याला जोडूनच होते. त्या अखंड भूमीला सारं जग गोंडवन म्हणतं, आपल्या गोंडांच्या मुलखावरून! 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती थंडीउपासमारीनं गेले. शेवटपर्यंत त्यांनी सुमारे 16 किलो दगड काही टाकले नाहीत. त्या दगडांत हेच पान होतं. तिथे तर हिवाळ्यात कित्येक महिने अंधार. प्राध्यापक म्हणाले, तिकडची ही झाडं अंधाराच्या आधी पानं गाळत असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात.

"म्हणजे माझंच झाड!" लेक ओरडलीच.

"पानं काळी होती का, ते काही दगड सांगत नाही बेटा," ते हसून म्हणाले.

मी शाळेत जाऊन बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मार्क दोनचे दोनच राहिले. लेकीला आता त्याचं काही नाही. उजेड सहाच महिने, तर त्या झाडाला फळ धरणार कधी अन् पिकणार कधी, यावर ती चार दिवसांपासून अडून बसली आहे.