गाळणे, पाडणे आणि झडलेला प्रत्यय

चलथाणच्या साखर कारखान्यामुळे एक क्रियापद इथे घरोघरी माहीत आहे : गाळणे. रस गळतो, माणूस तो गाळतो. नंदुरबार-धुळ्याकडून ऊस तोडायला टोळ्या येतात. तिथेही तेच, ऊस तुटतो आणि टोळी तो तोडते. एक क्रिया आपोआप घडणारी, दुसरी कुणीतरी घडवून आणलेली. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, सरणे-सारणे ही सगळी त्याच कुळातली. व्याकरणातली 'प्रयोजक क्रियापदे' म्हणतात ती हीच, पण बसवणे-करवणेसारखा प्रत्यय यांत कुठे दिसत नाही. फरक फक्त स्वराचा.

प्रत्यय होता, तो झडला. संस्कृतात पतति म्हणजे पडतो आणि पातयति म्हणजे पाडतो. मधला 'अय' हाच प्रयोजकाचा प्रत्यय. प्राकृतात त्याचा 'ए' झाला, मराठीत तोही गेला. त्याच्या सोबतीने दीर्घ झालेला 'आ' तेवढा मागे राहिला आणि अर्थाचा सगळा भार आता तोच वाहतो.

हेच युरोपातही घडले. इंग्रजी, जर्मन, डच यांच्या पूर्वज भाषेला अभ्यासक आदि-जर्मानिक म्हणतात. तिचे ग्रंथ नाहीत. वंशज भाषा ताडून तिची रूपे बांधली आहेत. तिच्यात 'य' हा क्रियापद घडवणारा प्रत्यय होता. चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरामुळे आपल्याला गॉथिक भाषा कळते. तीत 'सितान' म्हणजे बसणे, 'सत्यान' म्हणजे बसवणे. संस्कृतात सीदति आणि सादयति. सत्यान आणि सादयति यांतला प्रत्यय एकाच मूळ भाषेतून आलेला आहे. हे नुसते ध्वनिसाम्य नव्हे. इंग्रजीत त्या 'य'ने आधीच्या 'अ'ला 'ए'कडे ओढले आणि स्वतः नाहीसा झाला. उरले सिट आणि सेट. तसेच फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे (हा फॉलचा भूतकाळ नव्हे, नापास होणे तर नव्हेच). हाच प्रत्यय नामांनाही लागे : फूडवरून फीड, ब्लडवरून ब्लीड.

इंग्रजीने पुढे 'मेक'सारख्या सहायकांवर भागवले. मराठीने नवा प्रत्यय उचलला. स्थापयति, दापयति यांतल्या 'आपय'चे प्राकृतात 'आवे' झाले आणि त्यातून आपले बसवणे, निजवणे, करवणे आले. गुजरातीत करावे छे आहे, पण बसवण्याला बेसाडवुं, निजवण्याला सुवाडवुं, आणि जेवू घालण्याला एकाच शब्दात जमाडवुं. या शेवटच्या बाबतीत शेजारीण आपल्यापेक्षा सरस, हे मोकळेपणाने म्हणावे.

म्हणून इथल्या मराठी घरातले मूल 'बाळाला बसाडलं' म्हणाले, तर आजीने 'बसवलं' जरूर सांगावे, पण मुलाची भाषा बिघडली असे म्हणू नये. बसणे आणि बसवणे यांतला भेद त्याला पक्का कळलेला आहे. प्रत्यय तेवढा त्याने शेजारून आणला.