आधी मुक्काम, मग वाट

कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या कुटुंबातील मुलीने समाजकार्य शिकण्याची इच्छा व्यक्त केली, की घरात पहिला प्रश्न खर्चाचा उठतो. तो गैर नाही. तेथील कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवासी विद्यार्थ्यास एका युनिटमागे ४६ डॉलर शुल्क पडते. दोन वर्षांची ६० युनिट्स २,७६० डॉलरांत होतात. पुस्तके व प्रवास वेगळा. समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि समाजकार्याची तोंडओळख येथेच होते.

हा हिशेब फसतो तो पुढे. २०१० च्या कायद्यानुसार ठरावीक ट्रान्स्फर पदवी घेणाऱ्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी मिळते. परंतु ती कोणत्या तरी एका कॅम्पसची असते, मनातल्या कॅम्पसची नव्हे. शिवाय पुढे धरल्या न जाणाऱ्या विषयांत घालवलेले सत्र बुडीत खात्यातच जमा होते. म्हणून मुक्काम आधी ठरवावा. आपल्या कॉलेजातील कोणता विषय कोठे मान्य आहे, हे ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर पहिल्या सत्रापूर्वीच पाहता येते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी खरे समाजकार्य सुरू होते. ‘सेवेला पदवी कशाला?’ असे वडीलधारे विचारतात; सेवासंस्थेत अनुभवी कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली केलेले किमान ४०० तासांचे काम हे त्याचे उत्तर. ही पदवी सोशल वर्क एज्युकेशन कौन्सिलची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाचीच हवी. तशी असली, तर अनेक विद्यापीठांत पुढील एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांऐवजी सुमारे एका वर्षात पूर्ण करता येते.