हवेतून निघणारा लेझर



मागच्या पंधरवड्यात पाचवीतला एक मुलगा खिशातून चुरगळलेली चंदेरी पन्नी काढून माझ्यापुढे उभा राहिला. "गुरुजी, माहा दादा म्हन्ते, अशा पन्नीतून लेझर बनते. त्यात गॅस भरा लागत नाई, आपली हवाच चालते. खरं हाय का जी?" सगळा वर्ग हसला. मागून कोणी म्हणाले, "पन्नीत तं पोया बांधतेत!"

मी म्हटले, "हसू नका. याचा दादा खरे बोलतो. पण त्याने अर्धेच सांगितले." उरलेले अर्धे आज या भिंतीवर लिहितो. वरच्या वर्गांतल्या मुलांनी खालच्या वर्गांना वाचून दाखवावे.

लेझर म्हणजे काय?

मधली सुट्टी झाली की तुम्ही सगळे एकदम ओरडता. कोणाचे काय चालले आहे ते कोणालाच कळत नाही. पण तुम्हीच वर्गात पाढे म्हणता तेव्हा? एक जण "बे एके बे" सुरू करतो आणि सगळे त्याच तालात, त्याच सुरात म्हणू लागतात. आवाज शिवेपर्यंत जातो. गळे तेच, पण ताल एक झाला.

साध्या दिव्याचा उजेड म्हणजे मधली सुट्टी. लेझरचा उजेड म्हणजे पाढे.

हे कसे घडते? पदार्थाचे कण ऊर्जेने भरले, की ती ऊर्जा ते उजेडाच्या रूपाने टाकून देतात. असा भरलेला कण उभा असताना त्याच्याजवळून त्याच रंगाचा उजेड गेला, तर तो कणही आपला उजेड टाकतो, आणि तोही त्याच दिशेने, त्याच तालात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. हे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये सांगितले. पहिला लेझर मात्र १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. अट एकच आहे. रिकाम्या कणांपेक्षा भरलेले कण जास्त हवेत. चार जणच पाढे म्हणत असतील आणि बाकीचे झोपले असतील, तर आवाज वाढायचा कसा?

हवेतला नायट्रोजन

आपण श्वासात घेतो त्या हवेच्या १०० भागांपैकी सुमारे ७८ भाग नायट्रोजन असतो. कपाशीला देतो त्या युरियाच्या पोत्यावर "४६ टक्के नायट्रोजन" असे छापलेले असते. तोच हा. पावसाळ्यात वीज चमकते तेव्हा निळसर-जांभळी झाक दिसते. तिच्यातही नायट्रोजनचा मोठा वाटा आहे.

या नायट्रोजनमधून लेझर निघतो हे १९६३ मध्ये एच. जी. हर्ड यांनी दाखवले. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. जांभळ्या रंगाच्या पलीकडचा, म्हणून त्याला अतिनील म्हणतात. पुढे १९७४ च्या जून महिन्यात 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकाने हौशी लोकांसाठी हा लेझर बांधण्याची रीत छापली. तेव्हापासून जगभरच्या हौशी माणसांनी आणि कॉलेजच्या मुलांनी तो बांधला आहे. दादाने सांगितला तो हाच.

सगळी गोष्ट घाईची

नायट्रोजनचा कण मोठा अवखळ आहे. मोकळ्या हवेत तो आपली ऊर्जा एखाददुसरा नॅनोसेकंदच धरून ठेवतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेळात उजेडसुद्धा एक फूटच पुढे जातो, आणि उजेडापेक्षा जोरात धावणारे जगात काही नाही.

म्हणजे सगळे कण त्या एका क्षणात भरले गेले पाहिजेत. वीज हळूहळू सोडली, तर मागचे कण भरेपर्यंत पुढचे रिकामे होतात. मग नुसती ठिणगी दिसते, लेझर होत नाही. एवढी घाई करणार कोण?

इथे आपला पोळा आठवा. गावचे सगळे बैल तोरणाखाली ओळीने उभे असतात. झडत्या होतात. तोरण तुटले की पोळा फुटतो आणि सगळे बैल एकदम सुटतात. एकेक बैल आपल्या सवडीने निघाला असता, तर त्याला पोळा कोणी म्हटले असते?

पन्नीची बांधणी

खाली पन्नीचा एक मोठा तुकडा. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ, बिनभोकाचा कागद. त्यावर पन्नीचे दोन तुकडे शेजारी शेजारी, मधे थोडी फट ठेवून. पन्नी, प्लॅस्टिक, पन्नी, असा हा कंडेन्सर झाला. पंख्यात असतो त्याचाच भाऊ. त्याचे काम वीज साठवायचे.

वरच्या दोन तुकड्यांच्या कडांवर ॲल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या समोरासमोर ठेवतात. त्यांच्यामधली एक-दोन मिलिमीटरची लांबट फट म्हणजे लेझरची जागा. तिच्यात असते ती साधी हवा. दोन्ही तुकडे तारेच्या वेटोळ्याने जोडलेले असतात, म्हणून दोन्ही सारखेच भरतात. एका बाजूला ठिणगीची जागा असते. तेच आपले तोरण.

वीज भरत भरत एका हद्दीला पोहोचते आणि तिथे ठिणगी उडते. तोरण तुटले! त्या बाजूचा तुकडा तिथून झटक्यात रिकामा होऊ लागतो. दुसरा मात्र भरलेलाच राहतो, कारण वेटोळ्यातून वीज तितक्या घाईने जाऊ शकत नाही. एक बाजू रिकामी, एक भरलेली. मग मधल्या फटीत सगळी वीज एकदम कोसळते. फटीतले कण एका दमात भरतात आणि उजेड फटीच्या लांबीने वाढत वाढत टोकातून बाहेर पडतो. इतर लेझरना दोन्ही टोकांना आरसे लागतात. इथे आरशावाचून चालते, कारण उजेड परतून येईपर्यंत खेळ संपलेला असतो. या जोडणीला ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याचे नाव आहे.

दिसत नाही तो उजेड ओळखायचा कसा? फटीच्या टोकासमोर पांढराशुभ्र कागद धरतात. त्यात पांढरेपणा आणणारे द्रव्य असते. अतिनील उजेड पडला की ते निळे चमकते.

बारामतीचा माणूस

याच नायट्रोजनचा दुसरा एक गुण आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाने कामाला लावला. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीला झाला. १९५८ मध्ये ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेला गेले. तिथे बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये, ऐन पंचविशीत, त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर तयार केला.

त्यात नायट्रोजन स्वतः उजेड देत नाही. त्याचा कण नुसता थरथरता केला, तर ती थरथर मात्र तो बराच वेळ सांभाळतो आणि शेजारच्या कार्बन डायऑक्साइडच्या कणाला देऊन टाकतो. पटेल यांनी नळीत नायट्रोजन मिसळला आणि लेझरचा जोर वाढला. लोखंडी पत्रे कापायला आणि शस्त्रक्रियेला हा लेझर वापरतात.

उरलेले अर्धे

आता दादाने न सांगितलेले ऐका.

घरात वीज २३० व्होल्टची असते. या लेझरला दहा हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त लागतात, म्हणजे चाळीस पटींच्याही वर. पन्नी दिसायला पोळी बांधायचीच असते, पण भरल्यावर तीच जीव घेऊ शकते. आणि बटन बंद केल्यावरही ती भरलेलीच राहू शकते.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. माझे लहानपण अमरावतीच्या राजापेठेत गेले. तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे एक दुकान होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसत असे. एक दिवस मिस्त्री चहाला गेले होते. टीव्ही बंद होता, प्लगही काढलेला होता. मी मागून हात घातला. पुढचे मला एवढेच आठवते, की मी मागच्या भिंतीशी पडलो होतो. चार दिवस हात उचलेना. आईला सांगितले, सायकलवरून पडलो.

मिस्त्री रागावले नाहीत. माझ्याजवळ बसून म्हणाले, "बटन बंद केलं म्हंजे करंट मेला असं नाई रायत, बाप्पा. पिक्चर ट्यूबमंधी तो दबा धरून बसते. पह्यले त्याले जमिनीत सोडा लागते, मंग हात." ते वाक्य मी आजही विसरलो नाही. त्या दिवशी माझे नशीब होते. दर वेळी नशीब असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. ऊन डोळ्यांवर आले की पापणी आपोआप मिटते. अतिनील उजेड दिसतच नाही, मग पापणी मिटणार कशी? जत्रेत मिळणारा लाल-हिरवा लेझरही कोणाच्या डोळ्यांत मारू नका. गमतीत डोळा जातो.

म्हणून हा लेझर आत्ता समजून घ्यायचा, बांधायचा नाही. कॉलेजात जाल, शेजारी जाणते सर असतील, बंद पेटी, वीज जमिनीत सोडायची काठी आणि योग्य चष्मा असेल, तेव्हा बांधा. पन्नी मिळेल आठवडी बाजारातही. पण सावधपणा आतापासून अंगी बाणवावा लागतो.

करून पाहा

शेतातला थोडा कापूस घ्या आणि साबणाच्या पुडीने धुतलेला पांढरा सदरा घ्या. दोन्ही उन्हात शेजारी धरा. सदरा किंचित निळसर, जास्त शुभ्र दिसेल. आता तेच घरात समईच्या उजेडात पाहा. फरक जवळजवळ मिटेल. पूर्वी धुताना टिनोपॉल टाकत. आता तसले द्रव्य साबणाच्या पुडीतच असते. उन्हातला न दिसणारा अतिनील उजेड ते दिसत्या निळ्या उजेडात बदलते. लेझर पाहायचा तो कागदही हेच करतो.

विचार करा

१. उजेड एका नॅनोसेकंदात एक फूट जातो. आपल्या वर्गाची लांबी फुटांत मोजा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्याला किती नॅनोसेकंद लागतील?

२. पोळ्याचे तोरण म्हणजे लेझरमधले काय? आणि बैल म्हणजे काय?

उत्तरे कागदावर लिहून शनिवारपर्यंत माझ्याजवळ द्यावी. बरोबर उत्तरे पुढच्या अंकात लावू.

आणि त्या पाचवीतल्या मुलाला शाबासकी. वर्ग हसला तरी त्याने प्रश्न विचारला, म्हणून आपल्या सगळ्यांना हे कळले.